इसबावरची सुई : जुनी कोणती, नवी कोणती?



अंगाला खाज सुटणे हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपण मानतो. ताप आला तर शेजारी सांगतो. पण कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे किंवा मानेवर कातडी चिरली, ओली झाली, काळवंडली की आपण पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ती झाकून टाकतो. या इसबाविषयी आणि विशेषतः त्यावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाविषयी या वेळी लिहावे असे आम्ही ठरवले आहे. कारण अलीकडे वस्तीत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो : "इसबावर इंजेक्शन निघाले आहे म्हणतात. ते घ्यावे का?"

आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेत शिकलेले, दिवसभर जमाखर्चाच्या वह्या सांभाळणारे कारकून आहोत. तेव्हा औषध सांगणे हे आमचे काम नव्हे. परंतु पैसे मोजण्यापूर्वी काय विचारावे, हे सांगणे मात्र आमचे काम आहे. वरील प्रश्नात एक मोठा घोटाळा आहे. ज्याला लोक "इसबाचे इंजेक्शन" म्हणतात ते एक नाही, दोन आहेत. एक जुने व स्वस्त, दुसरे नवे व महाग. दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. एवढे सोडले तर दोहोंत काही साम्य नाही.

जुनी सुई

जुनी सुई म्हणजे स्टेरॉईड. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रोग्यांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. १९५० साली त्यांना या कामाबद्दल इतर दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध वाईट नाही. दम्याचा जबर झटका आला किंवा ॲलर्जीने जीव धोक्यात आला, तर तेच माणसाला वाचवते. प्रश्न आहे तो इसबासाठी ते पुन्हापुन्हा टोचण्याचा.

आमच्या माहितीतील एका घरात कॉलेजात जाणारा मुलगा आहे. दर महिन्याला वस्तीतल्या दवाखान्यात जायचे, कमरेत सुई घ्यायची, दोन दिवसांत खाज पळते, अंग स्वच्छ होते. आई खूश, मुलगा खूश, डॉक्टरला हातगुण आहे अशी कीर्ती. तीन-चार आठवडे झाले की खाज परत येते आणि पूर्वीपेक्षा जोराने येते. मग पुन्हा सुई. असे दीड वर्ष चालले. मुलाचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, पोटावर लाल पट्टे उमटले, तेव्हा घरच्यांना शंका आली. सुईचे नाव काय, हे त्यांच्याजवळ कुठेच लिहिलेले नव्हते. चिठ्ठी नाही, पावती नाही.

स्टेरॉईड आग शमवते, पण आग लागण्याचे कारण तसेच राहते. वारंवार घेतल्यास साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, लहान मुलांची वाढ खुंटते, दबलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. आपल्या मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. ती शरीराला लागणारे स्टेरॉईड स्वतः तयार करते. बाहेरून आयता माल येऊ लागला की ती काम थांबवते. म्हणून एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा : कोणी महिनोन्महिने अशा सुया किंवा गोळ्या घेत असेल, तर हा लेख वाचून एकदम बंद करू नये. थकवा, चक्कर, रक्तदाब उतरणे असे गंभीर प्रकार होतात. मोठ्या रुग्णालयात जाऊन, सर्व खरे सांगून, त्यांच्या देखरेखीखालीच ते कमी करावे.

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या प्रकारच्या इसबासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या व इंजेक्शने शक्यतो देऊ नयेत असेच म्हटले आहे. आपल्याकडे मात्र "सुई दिली नाही तर तो डॉक्टर कसला" हा समज अजून गेलेला नाही. डॉक्टरला दोष देताना आपण आपल्या या समजालाही थोडा दोष दिला पाहिजे.

नवी सुई

नव्या सुईचे नाव ड्युपिलुमॅब. बाजारात ती ड्युपिक्सेंट या नावाने येते. अमेरिकेत २८ मार्च २०१७ रोजी मोठ्या माणसांच्या मध्यम व तीव्र इसबासाठी तिला मंजुरी मिळाली. २०१९ मध्ये बारा वर्षांवरील, २०२० मध्ये सहा वर्षांवरील आणि २०२२ मध्ये सहा महिन्यांवरील मुलांसाठीही तिथे ती मान्य झाली. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ ती लिहून देतात.

हे औषध स्टेरॉईड नाही. बालपणापासून होणाऱ्या इसबाला ॲटोपिक इसब म्हणतात. ज्या घरात दमा किंवा सतत शिंका येण्याचा त्रास असतो, तिथे तो जास्त दिसतो. रक्त खराब झाल्याने किंवा अंगात उष्णता वाढल्याने तो होतो, हा समज खोटा आहे. त्यात कातडीचे कवच कच्चे असते आणि शरीराची संरक्षण यंत्रणा विनाकारण खवळलेली असते. इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ नावाचे दोन निरोपे "सूज आणा, खाज आणा" असा हुकूम पेशींच्या दारात नेऊन देतात. ड्युपिलुमॅब त्या दारालाच कडी घालते. हुकूम आत पोचत नाही. बाकीची संरक्षण यंत्रणा बरीचशी जागेवर राहते.

गुण किती येतो? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून १,३७९ रुग्ण होते. पंधरा दिवसांनी एक सुई घेणाऱ्यांपैकी सोळा आठवड्यांनंतर एका चाचणीत ३८ टक्के आणि दुसरीत ३६ टक्के लोकांची कातडी स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली. ज्यांना औषध नसलेली नुसती सुई दिली, त्यांच्यात हे प्रमाण १० व ८ टक्के होते. म्हणजे गुण नक्कीच आहे, पण शंभरातल्या शंभरांना नाही. शिवाय ज्यांची कातडी पूर्ण स्वच्छ झाली नाही त्यांच्यातही अनेकांची खाज कमी झाली. रात्री झोप लागणे ही इसबाच्या रोग्यासाठी लहान गोष्ट नव्हे.

त्रासही सांगितला पाहिजे. सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे डोळे लाल होणे, चुरचुरणे. टोचल्या जागी लाली येते. डोळा दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले तर थांबू नये, डॉक्टरला लगेच दाखवावे. पोटात जंत असतील तर आधी त्यावर उपचार करून मगच ही सुई सुरू करतात, हे आपल्या वस्त्यांसाठी महत्त्वाचे आहे. दम्याचा पंप चालू असेल तर तो आपल्या मनाने बंद करायचा नाही. कोणतीही लस घेण्यापूर्वी डॉक्टरला विचारायचे.

आता हिशेब

मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅमच्या दोन सुया आणि पुढे दर दोन आठवड्यांनी एक. पहिल्या वर्षाच्या सुया झाल्या २७, त्यानंतर दर वर्षी २६. दुकानदाराकडे एका सुईची किंमत विचारा आणि २७ ने गुणा. तो आकडा तुमच्या वर्षाच्या पगाराशेजारी लिहा. हे गणित सुई सुरू करण्यापूर्वी करायचे, तिसऱ्या सुईनंतर नव्हे. कारण हे औषध रोग मुळासकट उपटत नाही. बंद केले की बऱ्याच जणांचा इसब परत येतो. मंगळसूत्र गहाण ठेवून चार सुया घ्यायच्या आणि पाचवीला पैसे नाहीत म्हणून थांबायचे, यात पैसाही जातो आणि आजारही राहतो.

म्हणून पैसे नसतील तर उपाय संपले असे समजू नका. तीव्र इसबासाठी मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरीन अशी जुनी औषधेही आहेत. ती कमी खर्चाची असतात, परंतु ठरावीक मुदतीने रक्त तपासावे लागते. मेथोट्रेक्सेट या कामासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. महापालिकेच्या व सरकारी मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. ज्यांच्याकडे ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी दवाखान्यातून तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. महाग औषध हवेच असे ठरले, तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. विचारण्यात कमीपणा नाही.

घरात सुई ठेवताना

ज्यांनी सुरू केली आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. ती फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. एकदा गोठली की फुकट गेली. फ्रीजबाहेर २५ अंशांच्या आत ती चौदा दिवस टिकते, पण आपल्या पत्र्याच्या घरात २५ अंश म्हणजे थंडीतली सकाळ. तेव्हा त्या चौदा दिवसांवर विसंबू नका. दुकानातून आणताना थंड डब्यातून आणा. टोचण्यापूर्वी पाऊण तास बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नका, हलवू नका. मांडीत किंवा पोटावर, बेंबीपासून दोन इंच सोडून, कातडीखाली ती देतात. दर वेळी जागा बदलायची. चिरलेल्या कातडीत टोचायची नाही. पहिली सुई डॉक्टर किंवा नर्सच्या हातूनच घ्या आणि पद्धत शिकून घ्या.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती सकाळी कोणाच्या बोटात घुसते? कचरा उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या. तो आपल्याच घरातला कोणी असतो. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात साठवा आणि रुग्णालयात परत द्या.

आधी रोग ओळखा

सर्वांत मोठा अपव्यय होतो तो रोग न ओळखता सुई घेण्यात. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरातील सगळेच खाजवत आहेत, तर ती बहुधा खरूज आहे. गोल चट्टा, कडेला उठावदार, जांघेत किंवा कमरेला असेल तर तो नायटा असू शकतो. नायट्यावर स्टेरॉईड लावले तर तो सर्वांगावर पसरतो. खाजेच्या अनेक मलमांत स्टेरॉईड असते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले. तरीही ती काउंटरवर मिळतात, हे आपण रोज पाहतो.

बांधकामावरील बंधूंच्या हातांना होणारा इसब बऱ्याचदा सिमेंटमधील क्रोमियममुळे होतो. डेन्मार्कमध्ये १९८३ पासून सिमेंटमधील या क्रोमियमवर कायद्याने मर्यादा आहे. त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. त्यानंतर तिथल्या कामगारांतील हा इसब कमी झाला. म्हणजे त्यांचा उपाय सुईत नव्हता, सिमेंटच्या गोणीत होता. शेतावर व रस्त्याकडेला काम करणाऱ्या भगिनींचा चेहरा, मान, हात सोलवटत असतील तर गाजरगवताचा संशय घ्यावा. अशा वेळी कारण दूर केल्याशिवाय कोणतीही सुई टिकाऊ गुण देणार नाही.

आणि कोणताही इसब असो, रोजची काळजी सुटत नाही. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा डॉक्टरने सांगितलेले मलम, नखे कापलेली, कपड्यांतून साबण पूर्ण निघालेला. अंडी, मासे, वांगे आपल्या मनाने बंद करून वाढत्या मुलाची उपासमार करू नका.

शेवटी एक सांगायचे राहते. इसब संसर्गजन्य नाही. तो हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने होत नाही. तरीही शाळेत अशा मुलाला कोपऱ्यात बसवतात, लग्नात त्याच्या हातचे पाणी घेत नाहीत, मुलगी असेल तर स्थळे परत जातात. कोणाला दूर बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. निदान आपल्या वस्तीत, आपल्या घरात तरी हे होऊ नये.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "सुई देतो, खाज जाईल" असे म्हटले की तीन प्रश्न शांतपणे विचारा : हा इसबच आहे का? या सुईचे नाव कागदावर लिहून द्याल का? आणि ही किती दिवस घ्यावी लागेल? नाव लिहून देण्यास जो तयार नाही, त्याची सुई घेऊ नये. उत्तरे मिळाली की तो कागद जपून ठेवा. तो पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतो.