बर्गरमध्ये सुकेळी घाला

माझं म्हणणं सरळ आहे. रविवारच्या उशिराच्या न्याहारीला घरी गोड-तिखट बर्गर करणार असाल, तर त्यातला गोडवा बाटलीतल्या सॉसमधून किंवा सिरपमधून येऊ देऊ नका. तो कांद्यातून, फळातून येऊ द्या. आणि वसईच्या आसपास राहत असाल, तर सुकेळीतून येऊ द्या.

ज्यांना सुकेळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राजेळी ही केळ्याची लांबट, भरदार जात, केरळच्या नेंद्रनच्या कुळातली. ती केळी पुरती पिकवायची, सोलायची आणि कडक उन्हात वाळत घालायची. रोज उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. आठवडाभरात ती आक्रसतात, मधाच्या रंगाची होतात, बोटांना चिकटू लागतात. मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून त्यांच्या जुड्या बांधायच्या. वरून साखर नाही, पाक नाही. आहे तो सगळा गोडवा केळ्याचाच. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की आगाशी-निर्मळच्या पट्ट्यात हे काम सुरू होतं. निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेतून सुकेळीची जुडी घेतल्याशिवाय आमच्याकडचं माणूस घरी परतत नसे.

उशिराची भरपेट न्याहारी आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांना नवी नाही. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली ‘हंटर्स वीकली’त ब्रंचची बाजू मांडली होती. रविवारी दुपारच्या सुमारास एकच जेवण करावं, चहा-कॉफी आणि मार्मालेडने सुरुवात करावी आणि पुढे जड पदार्थांकडे वळावं, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे ही वेळ चर्चच्या नियमाने ठरली होती. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून उपास. १९५३ पर्यंत पाणीसुद्धा चालत नसे. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये हा उपास तीन तासांवर आणला आणि सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये एका तासावर. माझ्या आईचं लहानपण जुन्या नियमात गेलं. मिस्सा आटोपून चालत घरी आलेल्या माणसांचं चहा-बिस्किटावर कसं भागणार? आदल्या दिवशी शिजवून मुरवलेलं डुकराचं मांस, पाव, अंडी, घडाची पिकली केळी, सगळं एकदमच पुढ्यात येई. नियम सैल झाला तरी ते ताट राहिलं, आणि त्या ताटात गोड-तिखटाच्या वेगळ्या पंगती कधीच नव्हत्या.

सणाला आणि लग्नाला पावाच्या जागी फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर. पीठ आंबवून दुप्पट झालं की ते मुठीत धरायचं, हलकेच आवळायचं आणि अंगठ्याजवळच्या फटीतून वर आलेला गोळा तेलात सोडायचा. गोळा फुगतो, आपणहून कलंडतो, दोन्ही अंगांनी तांबूस होतो. सोबत व्हिनेगर आणि लाल मिरचीतलं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल. फुग्याचा सौम्य गोडवा त्या आंबट-तिखटाला सावरून धरतो आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. गोड-तिखट बर्गरला याहून वेगळं काय साधायचं असतं?

हावाईमध्येही असंच घडलंय. १८७८ पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज कुटुंबं तिथल्या उसाच्या मळ्यांवर कामाला गेली आणि त्यांनी आपला गोडसर पाव सोबत नेला. पुढे १९५० च्या दशकात हिलो गावात रॉबर्ट तायरा यांनी बेकरी काढली आणि तसाच मऊ, गोडसर पाव लोकप्रिय केला. आज अमेरिकेत छोटे बर्गर करताना तो पाव सर्रास वापरतात. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांचा अंमल होता. एकाच दर्यावर्दी लोकांची भाकरी दोन टोकांना पोचली आणि दोन्हीकडे ती डुकराच्या मांसाशी जुळली. म्हणून ‘आपल्याकडे कुठे असतं असलं’ हा आक्षेप मला पटत नाही.

मुंबईच्या एका कॅफेत मुलीने मला आग्रहाने ब्रंच बर्गर खाऊ घातला. पाव चांगला होता, अंडंही चांगलं होतं. पण वरून मेपलच्या चवीचं सिरप ओतलेलं. पहिला घास छान लागला, तिसऱ्या घासाला जीभ थकली, कारण प्रत्येक घासाला गोडवा तेवढाच, तसाच. शिवाय सिरप पावात मुरतं आणि पावाचा लगदा होतो. सुकेळीला चावावं लागतं. एखाद्या घासात तिचा तुकडा येतो, एखाद्यात येत नाही, आणि चव जिवंत राहते ती त्यामुळेच. कांद्याचंही तसंच.

चार माणसांसाठी मी काय करते ते सांगते. आधी कांदा, कारण वेळ त्याला लागतो. तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवते. सुरुवातीला पाणी सुटतं, मग ते आटतं, मग कडेने रंग धरू लागतो. तळाला लागलं की दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्यायचं. ती खरवड फार मोलाची. पाऊणएक तासाने वाटीभरसुद्धा कांदा उरत नाही, पण तो गुळासारखा गोड झालेला असतो. पाच मिनिटांत कांदा सोनेरी होतो असं सांगणाऱ्या पाककृतींवर विश्वास ठेवू नये. घाईने मोठ्या आचेवर परतलेला कांदा बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि कडू लागतो.

खिमा अर्धा किलो. आमच्याकडे रविवारी पोर्क असतं, आणि त्यात चरबी असल्याने टिक्की रसरशीत होते. कोंबडीचा खिमा घेतलात तर त्यात चमचाभर लोणी किसून घाला. दोन चमचे बाटलीचा मसाला घालायचा. उन्हाळ्यात घरोघरी भाजून-कुटून बाटल्यांत दाबून भरलेला आमचा तो मसाला नसेल तर तुमच्या घरचा कोणताही तिखट मसाला चालेल. मीठ आत मळू नका. मीठ घालून मळलेला खिमा आवळला जातो आणि टिक्कीचं सॉसेज होतं. टिक्की थापून, तवा तापवून, ती टाकायच्या क्षणी दोन्ही बाजूंनी मीठ भुरभुरायचं. टिक्की पावापेक्षा बोटभर रुंद थापायची आणि मध्ये अंगठ्याने खळगा करायचा, कारण भाजताना ती आकसते आणि मध्ये फुगते. उलथन्याने दाबायची नाही, रस निघून जातो. पोर्क असो की कोंबडी, आत गुलाबी रंग राहता कामा नये.

मग सुकेळी. तीन-चार सुकेळ्या उभ्या चिरून त्याच तव्यावर टिक्कीच्या सुटलेल्या चरबीत ठेवायच्या. इथे तव्यापासून हलू नका. तिच्यातली साखर मिनिटभरात रंग घेते आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जळते. कडा तांबड्या झाल्या की दोन चमचे व्हिनेगर, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि मिठाचा कण. चर्र आवाज येतो, आंबट वाफ नाकात जाते, आणि सुकेळीभोवती दाट, तकतकीत रस धरतो. तो पुसून घेण्यासाठी पावाचा कापलेला भाग त्याच तव्यावर दाबायचा. खाली कांदा, वर टिक्की, त्यावर सुकेळी, सगळ्यांच्या वर अर्धकच्च्या बलकाचं अंडं. बलक फुटला की त्याचा सॉस होतो, दुसरा लागत नाही.

वेळ असेल तर पावही घरी करा, फुग्यांच्याच पिठाचा. चारशे ग्रॅम मैदा, दोनशे मिलिलिटर नारळाचं दूध, एक अंडं, चाळीस ग्रॅम साखर, सात ग्रॅम सुकं यीस्ट, चमचाभर मीठ. फुगून दुप्पट झाल्यावर गोळे करायचे, पुन्हा फुगू द्यायचे आणि १८० अंशांवर वीसेक मिनिटं भाजायचे. मांस न खाणाऱ्यांनी उकडलेल्या सुरणाची आणि काळ्या चण्याची टिक्की करावी. सुरणाला व्हिनेगर आणि सुकेळी दोन्ही मानवतात.

पहिल्यांदा हा बर्गर केला तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, ह्यात कसलं लोणचं घातलंस?” ती वसईत वाढलेली. लहानपणी आजीच्या हातून सुकेळी खाल्लेली. तिला ती ओळखता आली नाही, याचं मला वाईट वाटलं, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

सुकेळी अशी अनोळखी का झाली, ते पाण्यापासून सांगावं लागेल. आमच्या केळीच्या वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर जगल्या. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि विहिरींना पुरतं. समुद्र जवळ असल्याने ह्या मुरलेल्या पाण्याचाच खाऱ्या पाण्याला अटकाव असतो. शहर वाढलं, बावखलं बुजवली गेली, विहिरींचं पाणी टँकरने विकलं गेलं, तसतसं खारं पाणी आत सरकलं. केळीला ते सोसत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती ह्याच पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी. आता राजेळी लावणारी घरं कमी झालीत आणि सुकेळी करणारी त्याहून कमी. हे काम उन्हात बसून करायचं असतं, आभाळ भरून आलं की धावपळ, आणि मोबदला बेताचा. मुलं नोकरीला जातात, त्यात त्यांचं काय चुकलं?

आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांना बर्गरमध्ये सुकेळी घालणं रुचत नाही. ती नुसती खावी, पाहुण्याला द्यावी, असं ते म्हणतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण जो पदार्थ फक्त जत्रेत विकला जातो आणि भेट म्हणून दिला जातो, त्याला गिऱ्हाईक वर्षातून महिनाभरच मिळतं. तोच रविवारच्या तव्यावर आला तर गिऱ्हाईक हंगामभर मिळेल. वाडीवाल्याला पुढच्या वर्षी राजेळी लावायची की जागा विकायची हे ठरवताना त्या गिऱ्हाइकाचा हिशेब करावाच लागतो. वसई-विरारच्या कॅफेवाल्यांना म्हणूनच माझी विनंती आहे: बाहेरून जॅम आणि सिरप मागवता, त्याऐवजी दसऱ्याच्या आधी एखाद्या वाडीवाल्याकडे जा, हंगामभराच्या मालाचा भाव त्याच्याशी आधी ठरवा, थोडे पैसे आगाऊ द्या आणि मेनूवर त्याच्या गावाचं नाव छापा.

घरी बर्गर करणाऱ्यांनी जत्रेतून एक जुडी जास्तीची आणावी. पानातून सोडवू नये, तशीच कोरड्या डब्यात ठेवावी. कित्येक महिने टिकते. फ्रीजमध्ये ठेवलीत तर ती कडक होते, तेव्हा तव्यावर टाकण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.