भोकरदनची बाई भोकरदनला कधी भेटणार?

मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई



इटलीत पाँपेईच्या उत्खननात 1938 साली वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्री सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ही मूर्ती भारतात घडलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत थेट पोटरीपर्यंत चढलेले वाळे, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. तिच्याच जातकुळीची हस्तिदंती प्रतिमा आपल्या मराठवाड्यातल्या तेरला मिळाली आणि 1973 च्या उत्खननात भोकरदनलाही एक, अर्धीमुर्धी. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या दानकर्त्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत.

अभ्यासकांना हे सारं ठाऊक आहे. पण भोकरदनच्या शाळेतल्या किती पोरांना ठाऊक असेल?

छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालातलं आणि तेरचं संग्रहालय, दोन्ही आपल्याच अखत्यारीत. म्हणून आपल्याकडेच मागणं आहे. पाँपेई, तेर आणि भोकरदन इथल्या तिन्ही प्रतिमांच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घ्याव्यात आणि सोनेरी महालात शेजारी-शेजारी मांडाव्यात. त्यांच्याखालची पाटी लिहिण्याआधी मात्र जवळच्या तांड्यांवरच्या, असेच दागिने वागवलेल्या म्हाताऱ्या लमाण बायांना बोलवावं. मूर्तीतली बाई लमाण होती, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण हातभर बांगड्या चढवताना हात कसा चेपावा लागतो, त्या घालून दिवसभर काम कसं उरकतं, पायातल्या भाराने चाल कशी बदलते, हे अंगावर वागवलेल्या बाईइतकं कोण सांगणार? कासाराला आणि सोनारालाही विचारावं. काळ आणि घडण अभ्यासकांनी सांगावी, दागिन्याचं सांगणं या माणसांच्या नावानिशी पाटीवर यावं.

संग्रहालयाच्या कामात गावच्या माणसांना असं सोबत घेणं काही परकं नाही. तेरचं संग्रहालय उभं राहिलं तेच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जमवलेल्या वस्तूंवर. मातीतून वर आलेली खापरं, मणी, मातीच्या बाहुल्या गावातल्याच एका माणसाला मोलाच्या वाटल्या, म्हणून आज आपल्याला त्या पाहता येतात.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस 2015 पासून संग्रहालय घेऊन शाळांच्या दारात जाते. मराठवाड्यासाठी आपणही अशी एक गाडी काढावी. मूळ वस्तू काचेआड सुरक्षित राहू द्यात, प्रतिकृती मात्र लोकांच्या हातात द्याव्यात. आंधळ्या मुलालाही त्या बांगड्या बोटांनी मोजता आल्या पाहिजेत.

गाडी पहिल्यांदा भोकरदनच्या आठवडी बाजारात न्यावी आणि चैत्रात संत गोरोबाकाकांच्या यात्रेला तेरला. सोबत पाटीसाठी दागिन्यांचं सांगणाऱ्या बायांपैकी एखादी असावी, तिला रीतसर मानधन द्यावं, आणि बोलणं तिच्यावर सोपवावं.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
छत्रपती संभाजीनगरचा एक रहिवासी