नाताळचे ताट शेजारच्या घरी



नाताळ जवळ आला म्हणजे सौसर-पांढुर्ण्याकडे कापसाची वेचणी चालू असते आणि घरोघरी संत्री आलेली असतात. बोरगावसारख्या गावी ख्रिस्ती घरे मोजकीच. शेजारी बहुधा हिंदू. अशा ठिकाणी सण दार लोटून करावा की दार उघडून, हा प्रश्न नाताळच्या अर्थाहून वेगळा नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात पाहा. मरिया व योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि प्रभुजन्माची पहिली वार्ता गेली ती रानात रात्र काढणाऱ्या मेंढपाळांकडे. शेतात मेंढ्या बसवून शेकोटीशी जागणारा धनगर डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे ती रात्र कळते. देवाने मानवदेह धारण केला तो निवडक आमंत्रितांसाठी नव्हे. आपण चांदणी टांगितली, केक कापला, मध्यरात्रीची मिस्सा ऐकली. एवढ्याने शेजाऱ्याला हे कसे कळावे?

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी गव्हाणीत गवत घातले, खरा बैल व गाढव आणिले आणि गावकऱ्यांस बोलाविले. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हा देखावा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून गव्हाण माजघरात नको, ओटीवर मांडावी. शेजारची मुले आपण होऊन येतील व विचारतील.

विचारले तर सांगावे कोणत्या भाषेत? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले. लोकांना पुराण ऐकण्याची गोडी आहे हे त्यांनी ओळखिले, आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले: दहा हजारांहून अधिक ओव्या, त्याही मराठीत! परक्या मुलखातील माणसाने एवढे श्रम घ्यावे, आणि घरी मराठी व शाळेत हिंदी बोलणाऱ्या आपण ही कथा इंग्रजी गाण्यांवर सोडून द्यावी, याचे नवल वाटते.

ताटाची गोष्ट त्याहून सोपी. गोव्यात नाताळला दोदोल, नेवऱ्या आदी पदार्थांचे ताट शेजारी धाडितात; त्यास ‘कोंसवाद’ म्हणतात. हिंदू घरीही ते जाते, आणि दिवाळीस तिकडून फराळ येतो. ज्या घरी दुखवटा असेल तेथे गोडधोड करीत नाहीत. त्यांना शेजारी पुरवितात. ही प्रथा मला सर्वांत मोलाची वाटते.

मात्र ताटासोबत हेतू नसावा. मध्य प्रदेशात आमिष दाखवून धर्मांतर करण्यास १९६८ पासून कायद्याने बंदी आहे. २०२१ मध्ये त्याजागी अधिक कडक कायदा आला. त्यामुळे काहींना करंजी देतानाही संकोच वाटतो. पण कायद्याच्या कितीतरी पलीकडे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगून ठेविले आहे की, श्रद्धेच्या प्रसारात बळजबरी वा अनुचित आर्जव यांची छायाही नको. ज्या ताटात काही दडलेले नाही, ते नेताना भिण्याचे कारण काय? कोणी ‘हा सण कशाचा?’ असे पुसले, तर खरे ते दोन वाक्यांत सांगावे. न पुसले तर करंज्या तेवढ्या द्याव्या.

यंदा आपल्या आळीत ज्या घरी मयत झाली असेल, त्या घरी, ते कोणत्याही धर्माचे असो, पहिले ताट न्यावे. तेथे घाई करू नये. चहा घेऊनच उठावे.