पाणी तरी घ्या

उन्हाळ्याची टळटळीत दुपार असते. टेक्सास किंवा जॉर्जियातल्या एखाद्या शांत वसाहतीत दोन मुलं सायकली कडेला लावतात, घाम पुसतात आणि दाराची बेल वाजवतात. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळी पाटी. पाटीवर आडनाव असतं आणि त्याच्या आधी 'एल्डर' हा शब्द, म्हणजे वडीलधारा. वय मात्र १९-२०.

खिडकीचा पडदा किंचित हलतो. आत कुणीतरी आहे हे दोघांना कळतं. दार उघडत नाही.

ही मुलं ज्याला लोक मॉर्मन म्हणतात त्या पंथाची. असे ७० हजारांहून अधिक प्रचारक आज जगभर फिरत आहेत. मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष. पगार नाहीच, उलट खर्च स्वतः किंवा घरच्यांनी भरायचा. अमेरिकेतल्या मुलांसाठी महिन्याला ४०० डॉलर होते, जुलै २०२० पासून ५०० झाले. कुठल्या गावी जायचं ते वरून ठरतं. जोडीदार वरून ठरतो आणि रात्रंदिवस त्याच्याचबरोबर राहायचं. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा बोलता येतं. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला १९ वर्षांचा मुलगा परक्या गावात दिवसभर बंद दारांसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या मनाचं काय होत असेल, हे समजायला त्याचा धर्म मान्य असण्याची गरज नाही.

आता दाराच्या आतल्या माणसाकडे पाहू. तो बहुधा ख्रिस्तीच असतो: बाप्टिस्ट, मेथडिस्ट, कॅथलिक. खरी गाठ इथे आहे. बाहेरचे दोघे येशूचंच नाव घेतात. पण १८३० साली प्रसिद्ध झालेल्या 'बुक ऑफ मॉर्मन'लाही पवित्र ग्रंथ मानतात आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही तीन स्वतंत्र अस्तित्वं समजतात. पारंपरिक चर्चच्या लेखी हा फरक मूलभूत आहे. मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य धरता येत नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २००१ मध्ये दिला तो याच कारणाने. पूर्ण परक्या माणसाशी भांडण सहसा होत नाही. बांधावरून भांडण होतं ते भाऊबंदांचं. दारातल्या या भेटीत तसाच ताण असतो.

मराठी घराला दारात येणाऱ्याची सवय जुनी आहे. पहाटेचा वासुदेव, धूप घेऊन येणारा फकीर, माधुकरी मागणारा विद्यार्थी. 'पुढं जा' हे दोन शब्द जसे आपल्याकडे आहेत, तसं उन्हातून आलेल्यापुढे गूळपाणी ठेवणंही आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांचीही बेल हे प्रचारक वाजवतात आणि एखादी आजी त्यांना पाण्याचा पेला देते, तेव्हा तिला त्यात काही अवघड वाटत नाही. देव्हाऱ्यात आणखी एका देवाला जागा करायची तिला सवय आहे. श्रद्धाळू ख्रिस्ती गृहिणीला मात्र हे सोपं नसतं. तिच्या बायबलमध्येच एक अडसर आहे.

योहानाच्या दुसऱ्या पत्रात बजावलं आहे की वेगळी शिकवण घेऊन येणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याला शुभेच्छाही देऊ नका. याच ओळींचा आधार घेऊन अनेक ख्रिस्ती कुटुंबं दार उघडत नाहीत. पण ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कुणाच्या तरी घरातच प्रार्थनेला जमायची. अशा घरात उपदेशकाला घ्यायचं म्हणजे त्याला मंडळीपुढे बोलायला उभं करायचं. घरात न घेण्याचा हा अर्थ अनेक अभ्यासक लावतात आणि तोच पटण्यासारखा आहे. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारण्याचं ते कलम नव्हे. येशूने तर आपल्या शिष्यांना जोडीजोडीनेच गावोगाव पाठवलं होतं आणि अशा माणसाला गार पाण्याचा एक पेला देणाराही विसरला जाणार नाही, असं सांगितलं होतं.

फिरत्या उपदेशकांचं काय करायचं, हा प्रश्न आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनाही पडलेला होता. 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाती लागली. ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. तीत नियम दिले आहेत: आलेल्या प्रेषिताचं प्रभूसारखं स्वागत करा; तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन दिवस; तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर खोटा समजा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. या नियमांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पाहुणचार, पारख त्यानंतर.

आजचा पाहुणचार करायचा तर थोडी माहिती लागते. अमेरिकेच्या दक्षिणेत उन्हाळ्यात पाहुण्याला पटकन बर्फाचा गोड चहा देतात. मॉर्मन मुलं चहा घेत नाहीत, कॉफीही नाही. त्यांच्या पंथाच्या या नियमाचं मूळ १८३३ सालचं आहे. मुलं नको म्हणतात आणि यजमानीण दुखावते. पाणी किंवा लिंबाचं सरबत दिलं तर कुणीच अवघडत नाही. घरात बाई एकटी असेल तर ती मुलं आत येणार नाहीत, तोही नियमच. मग ओसरीवर दोन खुर्च्या टाकाव्यात. गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, किती महिने झाले, असं विचारलं की पाठ केलेलं बोलणं थांबतं आणि आयडाहोमधल्या शेताची, धाकट्या बहिणीची गोष्ट सुरू होते.

आणि स्पष्ट सांगावं. 'मी माझं चर्च सोडणार नाही, पण तुम्ही बसा' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांतच बोललेलं बरं. या मुलांना आठवड्याच्या कामाचा हिशेब द्यायचा असतो. भिडेपोटी खोटी आशा लावून त्यांना चार-चार फेऱ्या मारायला लावणं हे सौजन्य नव्हे. दुसऱ्या टोकाची चूक याहून वाईट. अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळींनी दारातल्या या भेटीचा आखाडा केला आहे. कुठल्या डावाला कुठला प्रतिडाव, हे शिकवणारी पुस्तकं मिळतात. ३० वर्षं बायबल वाचलेला माणूस गोड बोलून दोन पोरांना बसवतो आणि तासभर त्यांची उलटतपासणी घेतो. पाणी इथेही दिलेलं असतं, पण आमिष म्हणून.

ही खंत बाहेरच्या कुणी नव्हे, त्याच मंडळींतल्या एका जाणत्याने जाहीर बोलून दाखवली. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड माऊ १४ नोव्हेंबर २००४ रोजी सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मनांच्या भव्य टॅबरनॅकल सभागृहात उभे राहिले. आम्ही इव्हँजेलिकल लोकांनी तुमच्याविरुद्ध पाप केलं आहे, असं त्यांनी त्या सभेपुढे मान्य केलं. तुम्ही काय मानता ते तुम्हाला न विचारता आम्हीच परस्पर सांगत आलो, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याच गोटातल्या अनेकांना ते झोंबलं. माऊंनी आपला विश्वास तसूभरही सोडला नव्हता. मतभेद खरे आहेत, म्हणूनच ते खरेपणाने मांडायला हवेत, एवढाच त्यांचा आग्रह होता.

बेल वाजवणारे दुसरे म्हणजे 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचे लोक. त्यांना सोसावं लागलं ते फार जास्त. २६ एप्रिल १९३८ रोजी जेसी कँटवेल नावाचा साक्षीदार वडील आणि भावासह न्यू हेवन शहरातल्या कॅशस स्ट्रीटवर आला. वस्तीतली ९० टक्के माणसं कॅथलिक. जेसीने रस्त्यातल्या दोघांना विचारून ग्रामोफोनवर एक तबकडी लावली आणि तीत कॅथलिक चर्चवर कडाडून टीका होती. दोघे खवळले, मारायची भाषा करू लागले. जा म्हटल्यावर जेसी निमूट निघून गेला. तिघांना अटक झाली, शिक्षा झाली. २० मे १९४० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती तबकडी कॅथलिक माणसाचं काळीज दुखावणारीच होती. न्यायालयानेही ते नाकारलं नाही.

पण दोनच आठवड्यांत, ३ जूनला, त्याच न्यायालयाने उलट दिशेचा एक निकाल दिला: ध्वजाला वंदन करायला नकार देणाऱ्या साक्षीदारांच्या मुलांना शाळेतून काढता येईल. देशभर जमाव उठले. ९ जूनला मेन राज्यातल्या केनेबंक गावात साक्षीदारांचं सभागृह जाळलं गेलं. मारणारे आणि जाळणारे पुष्कळ ठिकाणी रविवारी चर्चमध्ये बसणारेच लोक होते, हे लिहिताना जीव कळवळतो. तीन वर्षांनी न्यायालयाने ध्वजवंदनाबाबतची आपली चूक दुरुस्त केली. केरळमधल्या तीन साक्षीदार भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं, तेव्हा १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा आधार घेतला आणि मुलांना परत शाळेत पाठवलं.

१९४३ चा आणखी एक निकाल थेट दाराच्या बेलविषयी आहे. ओहायोतल्या स्ट्रदर्स या कारखान्यांच्या गावात बरेच कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपत. म्हणून पत्रकं वाटायला बेल वाजवण्यावर बंदी होती. थेल्मा मार्टिन या साक्षीदार बाईंना १० डॉलर दंड झाला. न्यायालयाने बंदी रद्द केली: आलेल्याला भेटायचं की नाही हे घरमालकाने ठरवावं, गावाने नव्हे. २००२ मध्ये त्याच राज्यातल्या स्ट्रॅटन गावाचा परवान्याचा नियमही असाच गेला. बेल वाजवण्याचा हक्क कायद्याने पक्का झाला. दार उघडल्यावर कसं वागायचं ते मात्र घरातल्या माणसावरच राहिलं.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे साक्षीदारांनी घरोघरी जाणं थांबवलं. अडीच वर्षं ते पत्रं लिहीत राहिले, हाताने, अनोळखी पत्त्यांवर. १ सप्टेंबर २०२२ पासून ते पुन्हा दारात येऊ लागले.

दारात आलेल्यांशी कसं वागावं हे ज्या एका गावाने ठराव करून ठरवलं, ते इलिनॉयमधलं क्विन्सी. ऑक्टोबर १८३८ मध्ये मिसुरीच्या राज्यपालाने फर्मान काढलं की मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर नष्ट करा. ते फर्मान कागदोपत्री रद्द व्हायला १९७६ साल उजाडलं. फर्मान निघाल्यावर तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीत १७ मॉर्मन मारले गेले. भर हिवाळ्यात हजारो माणसं, पोरंबाळं मिसिसिपीच्या काठाशी पोहोचली. पलीकडे क्विन्सी होतं, वस्ती जेमतेम दीड हजारांच्या आसपास. तिथे सुमारे पाच हजार निर्वासित आले. गावाने घरं उघडली, वर्गणी काढली, कामं दिली. फेब्रुवारी १८३९ मध्ये गावच्या डेमोक्रॅटिक संघटनेने सभा भरवून ठराव केला आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवली: या परक्या माणसांशी वागताना प्रत्येकाने अदब राखावी आणि त्यांचं मन दुखावेल असा एकही शब्द बोलू नये. क्विन्सीच्या लोकांनी त्यांचा पंथ स्वीकारला नव्हता. स्वीकारायला कुणी सांगितलंही नव्हतं.

वसंतात पाहुणे नदीच्या काठाने उत्तरेला सरकले आणि नॉवू नावाचं गाव वसवू लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिगहॅम यंग आणि हीबर किंबॉल हे त्यांचे दोन पुढारी तिथून निघाले, इंग्लंडमध्ये प्रचाराला. दोघांनाही हिवतापाने पुरतं गाठलं होतं, खिशात जवळपास काही नव्हतं, घरची माणसंही आजारी पडलेली. त्यांना धरून गाडीत बसवावं लागलं. वाटेत अनोळखी घरंही लागणार होती.