उन्हाळ्यातील चहा

‘गरम चहाने अंग निवते,’ असे ग्वाल्हेरच्या भर वैशाखातही सांगणारी वडीलधारी मंडळी आपल्या घरोघरी आढळतात. आमच्या मते त्यांत तथ्य आहे. परंतु ते श्रेय कॅफीनचे नव्हे. ऊन पेयाने घाम अधिक सुटतो आणि तो वाळला तरच शरीर थंडावते. कोरड्या हवेत हे साधते. गोव्याच्या दमट हवेत घाम नुसताच निथळतो. कॅफीन घामाला चालना देते, तशी शरीरात किंचित उष्णताही निर्माण करते. नित्य चहा घेणाऱ्यांस त्याची सवय झालेली असते; तरीही तहान पाण्यानेच भागवावी. मात्र उन्हातून आलेल्याचे अंग तापून तो बरळू लागल्यास चहा देत बसू नये; अंग ओले करून वारा घालावा व तत्काळ रुग्णालय गाठावे.