नावाविना राखण कशाची?

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर भटकंतीस जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी रात्री विजेरी घेऊन रानवाटा धुंडाळणारी तरुण मंडळीही दिसू लागली आहेत. पानाला चिकटून बसलेला इवलासा बेडूक दृष्टीस पडला की छायाचित्र निघते, ‘झाडबेडूक’ एवढे नाव त्यास मिळते आणि मंडळी पुढे सरकतात. त्याचे नेमके नाव कळले काय आणि न कळले काय, असे व्यवहारी माणूस विचारील. त्याला उत्तरही व्यवहाराच्याच भाषेत द्यावयास हवे.

मलबारी उडत्या बेडकाचे फेसाळ घरटे पाण्यावर झुकलेल्या फांदीवर असते. अंड्यांतून निघालेली पिल्ले खाली पाण्यात पडून वाढतात. याउलट, आंबोलीचेच नाव लाभलेला आणि २००९ साली शास्त्रास ज्ञात झालेला झुडूपबेडूक. त्याच्या पिल्लांना पाण्यात पोहण्याची अवस्थाच नाही. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. म्हणजे तळे राखून काठची झाडे तोडली तर पहिल्याचा वंश खुंटतो; झुडपे साफ करून तळे खोदले तर दुसऱ्याचा. दोघांना एकाच नावाखाली घालणाऱ्याने संरक्षणाचा कितीही खर्च केला तरी तो वाया जाण्याचाच संभव अधिक.

अर्थात ओळख पटविणे वाटते तितके सोपे नाही. रंगावर तर मुळीच विसंबू नये. घराच्या भिंतीवर वा न्हाणीघरात आढळणारा साधा झाडबेडूकदेखील कधी फिकट पिवळसर, तर कधी तपकिरी दिसतो. त्याहून भरवशाची खूण म्हणजे नराची साद. ती प्रत्येक जातीची निराळी असते. ती साद ध्वनिमुद्रित करावी. बेडूक जमिनीपासून किती उंचीवर होता, पाणी जवळ होते की नाही, वेळ कोणती, हे टिपून ठेवावे. त्यास हाती मात्र घेऊ नये. त्याची ओलसर त्वचा श्वसनाचेही काम करते; हातावरील घाम, क्षार आणि डास पळविणारे मलम त्यास अपायकारक ठरू शकते.

हे काम तज्ज्ञांचे, सामान्यांचे नव्हे, असा आक्षेप येईल. अंतिम निर्णय तज्ज्ञांचाच, हे मान्य. परंतु पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचे नाव दिलेली झुडूपबेडकाची नवी जात महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून थेट २०१३ साली नोंदली जाते, यावरून किती काम बाकी आहे हे उघड होते. मूठभर तज्ज्ञ प्रत्येक घाटात प्रत्येक रात्री कसे पोहोचणार? ठिकाणे जाहीर केल्यास गर्दी लोटेल, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून नेमकी जागा चव्हाट्यावर न मांडता संबंधित समितीसच कळवावी.

१९८७ साली बंदी येईपर्यंत या देशातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होत असे. त्या बेडकास बाजारभाव होता, म्हणून व्यापाराच्या हिशेबात त्यास जागा होती. झाडबेडकास भाव नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याचा तोटा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. २०२३ च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. तोटा दिसण्यासाठी आधी खाते उघडावे लागते.

ते खाते कायद्याने उघडलेलेच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक संस्थांच्या समित्यांनी लोकांच्या सहभागाने नोंदवही ठेवावयाची आहे. घाटमाथ्याच्या गावांतील महाविद्यालयांनी पावसाळ्यातील चार रात्री या कामास दिल्या, जाणत्या ग्रामस्थांना सोबत घेतले आणि नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तर ती वही कोरी राहणार नाही. उद्या रस्त्याचा वा खाणीचा प्रस्ताव येईल, तेव्हा ‘येथे काही बेडूक आहेत’ या मोघम वाक्यास कोणी किंमत देणार नाही. कोणता बेडूक, कोठे आणि कशाच्या आधारावर जगतो, हे सांगता आले तरच गावाच्या शब्दास वजन येईल.