गाडी कुणासाठी थांबते?

शहरांतून एक वाद ऐकू येतो. जमिनीखालून धावणारी मेट्रो फलाटाला लागते. त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला दुसऱ्या मार्गाची गाडी उभी असते. उतरलेली माणसे चार पावले धावतात आणि त्यांच्या तोंडावर दारे मिटतात. त्या गाडीने अर्धा मिनिट थांबायला हवे होते की नव्हते? हाँगकाँगच्या मोंगकोक आणि प्रिन्स एडवर्ड या स्थानकांत असा नुसता फलाट ओलांडून मार्ग बदलता येतो. पुण्याच्या जिल्हा न्यायालय स्थानकात एक मार्ग भुयारात आणि दुसरा खांबांवर, म्हणून तिथे जिने चढावे लागतात. पण प्रश्न तोच आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरची. आमच्याकडे मेट्रो नाही. तरीही या वादात मला बोलायचे आहे, कारण कोणी कोणाची वाट पाहायची असा हा वाद आहे. आणि वाट पाहण्याचे काम आपल्या समाजात कोणाच्या गळ्यात बांधलेले आहे, हे तुम्हां मैत्रिणींना मी वेगळे सांगायला नको.

मेट्रोपुरते माझे उत्तर सरळ आहे. दिवसा थांबू नये. काही मिनिटांत मागून दुसरी गाडी येते, आणि एक रखडली की तिच्या मागच्या सगळ्या रखडतात. पण रात्रीची शेवटची गाडी असेल तर ती थांबलीच पाहिजे. म्हणजे नियम एकच: मागची गाडी जितकी लांब, तितकी पुढच्या गाडीची थांबण्याची जबाबदारी मोठी.

आता हाच नियम घेऊन आमच्या भागात या. सिद्धेश्वरच्या बाईला परभणीला किंवा नांदेडला जायचे तर बहुतेक वेळा औंढा नागनाथला उतरून गाडी बदलावी लागते. दवाखाना, कॉलेज, कोर्ट, माहेर, बाजार, सगळ्याला हेच. येताना पुन्हा तेच, पण आता दिवस मावळतीला आलेला. शहराकडून येणारी गाडी आणि खेड्याकडे जाणारी शेवटची गाडी यांची गाठ पडली तर घर, नाही पडली तर स्टँड. जिथे थांबण्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच थांबणे हे कंडक्टरच्या मर्जीवर सोडलेले. हा न्याय उफराटा आहे.

हे बोलले की लगेच हिशोब मांडला जातो. मलाही एका शिकल्यासवरल्या कार्यकर्त्याने ऐकवले, ‘‘ताई, दोन बायांसाठी चाळीस माणसांचा खोळंबा करायचा का?’’ ठीक आहे, हिशोबच करू. चाळीस माणसे दहा मिनिटे थांबली, झाली ४०० मिनिटे. दोन बायांची संध्याकाळी सातची गाडी गेली आणि पुढची सकाळी सातला असली, तर त्या दोघींची मिळून १४४० मिनिटे गेली. हा झाला नुसता आकड्यांचा हिशोब. गाडीत आपल्या जागेवर बसून काढलेली दहा मिनिटे आणि अंधाऱ्या स्टँडवर पिशवी पोटाशी धरून, लघवी दाबून काढलेली दहा मिनिटे एका भावाची असतात का? वेळेवर सुटलेली गाडी वहीत ‘वेळेवर’ म्हणून लिहिली जाते. तिने मागे टाकलेल्या बाईची वेळ कोणत्या वहीत लिहिली जाते?

पुरुषाची गाडी चुकली तर तो मित्राला फोन लावतो, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसतो, नाहीतर हॉटेलच्या बाकड्यावर पाठ टेकतो. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट हसत सांगतो. बाईची गाडी चुकते तेव्हा बाईच चुकलेली ठरते. ‘‘आधी का निघाली नाहीस? कोणासोबत होतीस? जायची गरजच काय होती?’’ कॉलेजला जाणाऱ्या पोरीच्या बाबतीत तर दोनदा गाडी चुकणे पुरेसे असते. तिसऱ्यांदा चुकायची वेळच येत नाही, कारण तोवर तिचे कॉलेज बंद झालेले असते आणि स्थळे पाहणे सुरू झालेले असते. पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या गाड्या आल्या, बारावीपर्यंत पास मोफत झाला, हे चांगलेच झाले. पण बारावीनंतरची वाट गावाबाहेर जाते, बहुधा दोन गाड्यांनी जाते, आणि त्या दोन गाड्यांच्या मधल्या फटीत पोरीचे शिक्षण पडते.

आपण प्रवासात आजवर काय काय मिळवले ते आठवा. गाडीत राखीव जागा मिळाल्या. ५ मे १९९२ रोजी मुंबईत पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची लोकल सोडली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. यातले काहीही क्षुल्लक नाही. पण नीट पाहा: आपल्याला जागा मिळाली, पैशात सवलत मिळाली, आपली वेळ मात्र अजून कोणी मोजायलाच घेतली नाही. अर्ध्या तिकिटाने बाई निम्म्या रस्त्यात उभी राहणार असेल तर त्या सवलतीचा सन्मान कसला?

आणि बाईची वेळ म्हणजे काय, हे सरकारच्याच पाहणीत आलेले आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. स्टँडवर वाया गेलेले दोन तास बाईला कोणी माफ करत नाही. ते तिच्या झोपेतून कापले जातात. उशिरा पोचली तरी चूल तिचीच, भांडी तिचीच.

‘‘असे जमत नसते,’’ हे दुसरे उत्तर. का जमत नाही? औंढ्याला महाशिवरात्रीची यात्रा भरते तेव्हा जादा गाड्या सुटतात, वेळा बदलतात, माणसे नेमली जातात. यात्रेसाठी जमते ते रोजच्या प्रवासासाठी का जमू नये? याच औंढा तालुक्यात लायगो प्रकल्प उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दूर अवकाशात निघालेली लाट टिपायची, असे ते काम आहे. त्या लाटेसाठी सज्ज राहायची तयारी करणाऱ्या देशाला परभणीहून निघालेली गाडी औंढ्याला कधी टेकेल हे कळत नाही, असे म्हणायचे का? आज ड्रायव्हर-कंडक्टर दोघांच्याही खिशात फोन आहेत.

स्वित्झर्लंड हा डोंगराळ देश. तिथे रेल्वेने १९८२ पासून ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक लागू केले, आणि १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून त्याच्या पुढच्या विस्ताराला कौल दिला. मोठ्या स्थानकात चहूकडच्या गाड्या एकाच सुमाराला याव्यात, माणसांनी बदलून घ्यावे आणि मग गाड्यांनी सुटावे, अशी ती मांडणी. गाठ घालून देणे हेच वेळापत्रकाचे काम, असे त्यांनी मानले. आपल्या रेल्वेनेही निम्मी कबुली दिली आहे. एप्रिल २०१९ पासून दोन जोडगाड्यांची आरक्षणे एकमेकांना जोडता येतात, आणि पहिलीच्या उशिरामुळे दुसरी हुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. म्हणजे दोष प्रवाशाचा नाही हे मान्य. पण पैसे परत मिळाल्याने रात्र परत मिळत नाही.

इतक्या लांब जायलाही नको. आमचे गाव धरणाचे आहे. वर पूर्णेवर येलदरी, खाली सिद्धेश्वर. वरच्या धरणातून सुटलेले पाणी आमच्या धरणात अडते आणि कालव्यांतून शेतांकडे जाते. वरून पाणी निघाले आणि खालच्याने ‘माझी वेळ झाली’ म्हणून अंग काढून घेतले, असे कधी होते का? उसाला पाणी पोचावे म्हणून दोन धरणांची सांगड घालता येते, तर बाई घरी पोचावी म्हणून दोन गाड्यांची का घालता येऊ नये?

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. थांबलेल्या गाडीत बसलेल्या बायकाही आपल्याच आहेत. त्यांचेही लेकरू रडत असते, त्यांनाही स्वयंपाक असतो. म्हणून ‘कितीही थांबा’ असे मी म्हणत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरच्या माथी उशिराचा ठपका मारूनही हे होणार नाही. तेही कामगार आहेत, त्यांच्याही घरी कोणी वाट पाहते. आज कनवाळू कंडक्टर ओळखीच्या बाईसाठी थांबतो. त्याचे उपकारच आहेत. पण ओळखीवर थांबलेली गाडी ही मेहरबानी झाली. पाटलाच्या सुनेसाठी थांबते, ऊसतोड करणारीसाठी थांबेलच असे नाही. आपल्याला मेहरबानी नको, नियम हवा.

तो नियम असा असावा. प्रत्येक गावाची दिवसातली शेवटची गाडी ‘जोडगाडी’ म्हणून जाहीर करावी. ज्या गाडीशी तिची जोड आहे ती उशिरा असेल तर पंधरा मिनिटांपर्यंत तिने थांबावे आणि तसे स्टँडवर मोठ्याने सांगावे. त्याहून उशीर होणार असेल तर अडकलेल्या प्रवाशांना गावी पोचवण्याची सोय आगाराने करावी. थांबल्याबद्दल ड्रायव्हर-कंडक्टरला जाब विचारू नये. आणि स्टँडवर रात्रभर दिवा, पाणी आणि वापरता येईल असे बायकांचे स्वच्छतागृह असावे.

मैत्रिणींनो, हे कोणी आपणहून देणार नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सभा चहा-बिस्किटांत उरकू देऊ नका. एक वही घाला. महिनाभर लिहा: गाडी किती वाजता आली, जोडीची किती वाजता सुटली, मागे किती बाया राहिल्या. ज्या बाईला लिहिता येत नाही तिने सांगावे, पोरीने लिहावे. मग ठराव करा, आणि ती वही घेऊन दहाजणी मिळून आगारात जा. साहेब कामात आहेत, थांबा, असे तिथेही सांगतील. थांबा. थांबण्याची आपल्याला सवय आहे. फक्त या वेळी उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.